तलावाच्या पाळीवरून : वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात गावतलावाच्या काठावरच्या जीवांविषयी लिहिलं, आणि संपादकांनी आलेल्या पत्रांची पिशवीच माझ्याकडे पाठवून दिली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. जे प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलेत, ते घेतले आहेत. आधीच सांगते, मी पक्षितज्ज्ञ नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात राहते, आणि घराच्या मागल्या दारातून तलावाची पाळ दिसते. मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं पुस्तकांतून आलंय आणि निम्मं शेजारच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातून.

निवृत्तीनंतर गावी आलो. रोज सकाळी पाझर तलावाला चक्कर मारतो, पण बगळे आणि म्हशी सोडून काही दिसत नाही. आमचा तलावच भिकार आहे की माझे डोळे?
*— एक वाचक, माण तालुका, सातारा*

तलाव भिकार नाही आणि डोळेही नाहीत. तुमची चक्कर नडते. चालणारा माणूस म्हणजे काठावरच्या प्रत्येक जिवासाठी धोक्याची घंटा. तुम्ही दिसायच्या आधी तुमच्या पावलांचा हादरा पोचतो, बेडूक पाण्यात उड्या टाकतात, त्या आवाजानं पाणकोंबडी गवतात शिरते. मग तुम्हाला दिसतात ते माणसाला न भिणारे बगळे, आणि कुणालाच न भिणाऱ्या म्हशी.

चक्कर सोडा, बूड टेका. सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा, म्हणजे सकाळी पूर्वेचा काठ. पांढरा सदरा घरी ठेवा. पाठीमागे झाड किंवा झुडूप असू द्या, म्हणजे आभाळावर तुमची आकृती उठून दिसणार नाही. पंधरा-वीस मिनिटं काहीच घडणार नाही, तेवढा धीर धरा. मोबाइल खिशात.

आमच्याकडचे एक वयस्कर ढिवर काका मला म्हणाले होते, "बाई, पाखरू नोका पाहू, पाणी पाहा." याच्याइतका उपयोगी सल्ला मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. वारा नसताना पाण्यावर एकाच जागी बारीक थरथर दिसली, तर खाली माशांची पिल्लं आहेत. ती थरथर तांबूस-केशरी रंगाची असली आणि ढगासारखी सरकत असली, तर ती मरळीची पिल्लं, आणि त्यांच्या खाली त्यांचे आईबाप राखण करत असणारच. थोड्या वेळात तिथं काळा-पांढरा कवड्या खंड्या येईल, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबेल आणि दगडासारखा खाली पडेल. तुम्ही पाणी पाहत होतात, पाखरू आपसूक आलं.

आता बगळ्यांविषयी. "बगळे सोडून काही नाही" असं लिहिलंत, म्हणजे बगळे नीट पाहिलेच नाहीत. म्हशीच्या पायाशी चालतो तो गायबगळा, चोच पिवळी. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या डोक्यामानेवर केशरी रंग चढतो. म्हशीच्या खुरांनी उडणारे किडे हा त्याचा धंदा, पाण्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. उथळ पाण्यात पाय थरथरवत चिखल ढवळतो तो लहान बगळा. त्याची चोच काळी, पाय काळे, पण बोटं पिवळी. आणि काठावर चिखलाच्या रंगाचा, मान आखडून बसलेला जो तुम्हाला दिसतच नाही आणि पायाखालून उडाला की एकदम पांढराशुभ्र होतो, ती ढोकरी. पंख मिटले की माती, उघडले की दूध. एवढे तीन ओळखू यायला लागले की पुढचं पत्र लिहा.

तुमच्या भागातले बरेच पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर खोदले गेले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या तलावाची माती वाहिलेलं कुणीतरी भेटेल. तलावाचं वय कळलं की काठावरची झाडंही वेगळी दिसायला लागतात. आणि ऑक्टोबरनंतर पाणी जसं मागे सरकेल तसा जो ओला चिखल उघडा पडतो, त्यावर नजर ठेवा. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, शेपटाकडचा भाग सारखा वरखाली हलवणारा तुतवार, धोबी, सगळे तिथंच. कोरड्या तालुक्यातल्या तलावाला हा चिखलाचा पट्टा मोठा मिळतो. माणमध्ये राहणाऱ्यानं त्याबद्दल कुरकुर करू नये.

दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार म्हणतो जितका आकडा मोठा तितकी चांगली.
*— नांदेड, परभणी, अंबाजोगाई इथून आलेली पत्रं*

दुकानदाराला विकायचं आहे. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८ × ४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच पट वाढते आणि दिसणारा तुकडा लहान होतो. उडतं बदक सापडेपर्यंत ते पुढच्या गावी पोचतं. तलावासाठी आठच पुरे. पहाटे-संध्याकाळी पाहणार असाल तर भिंग ४२ चं घ्या, उजेड जास्त मिळतो. पैसे नसतील तर दुर्बिणीविना सुरुवात करा. बेडूक, चतुर, टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद) आणि पाण्यातले किडे यांना ती लागतच नाही.

आमच्या बोडीत (लहान तलावात) कमळाच्या पानांवर चालणारा एक पक्षी आहे. पावसाळ्यात लांब शेपटी होती, आता नाही. पिल्लांबरोबर एकच मोठा पक्षी असतो. दुसऱ्याला कुणी मारलं असेल का?
*— एक शेतकरी, लाखनी तालुका, भंडारा*

कुणी मारलेलं नाही, भाऊ. दुसरी जी आहे ती बाई आहे, आणि ती पुढच्या घरी गेली आहे.

हा लांब शेपटीचा कमळपक्षी. पायाची बोटं इतकी लांब की त्याचं वजन पानभर पसरतं आणि पान बुडत नाही. पावसाळ्यात दोघांनाही लांब काळी शेपटी फुटते, मानेमागे सोनेरी झाक येते. हंगाम संपला की शेपटी गळते. तुम्ही पाहिलेला पक्षी तोच, कपडे बदललेला.

त्यांच्या घरचा कारभार मात्र उलटा. मादी अंगानं मोठी, भांडकुदळ, आपल्या हद्दीत दुसरी मादी येऊ देत नाही. एका नराच्या घरट्यात चार अंडी घालते आणि त्याच्या हवाली करून दुसऱ्या नराकडे जाते, तिथं पुन्हा चार. अंड्यांवर बसणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराचं. घरटं म्हणजे तरंगत्या पानांवरचा चार काड्यांचा पसारा. पाणी वाढलं किंवा घरटं बुडायला लागलं तर हा बाप चोच आणि छाती यांच्यामध्ये अंडं धरून, मागे मागे सरकत ते दुसऱ्या पानावर नेतो. एकेक करून चारही. तुमच्याकडे गडद मानेचा, तांबट-तपकिरी पंखांचा दुसरा कमळपक्षीही असेल; त्याचा बाप तर धोका दिसला की पिल्लं पंखाखाली दाबून चालू लागतो. लांबून पाहिलं तर पक्ष्याला सात-आठ पाय लोंबताना दिसतात. आमच्या शाळेतल्या पोरांनी असा पक्षी वहीत काढला होता आणि मी तो भिंतीवर लावला होता.

बापाच्या पदरी पोरं टाकणारा आणखी एक पक्षी तुमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, असतो, रंगीत पाणलावा. तिथंही मादी रंगीत आणि नर मळकट, कारण बसायचं त्याला असतं आणि दिसायचं नसतं.

आता तुम्हालाच एक प्रश्न. बोडीत ग्रास कार्प माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडणार आहात का? रोहू, कटला, मृगळ यांचं ठीक. पण ग्रास कार्प पाण्यातलं गवत-पानं फस्त करतो. गवत गेलं की पानावरचं घर गेलं, त्या गवतात अंडी घालणारे आपले देशी मासेही गेले. तुमच्या मत्स्य संस्थेच्या बैठकीत हा विषय काढाच.

मी सातवीत आहे. तळ्यातून बाटलीत एक चपटा तपकिरी किडा आणला. त्याच्या पाठीवर साबुदाण्यासारखे दाणे चिकटलेत. आई म्हणते घाण किडा आहे, रोग आहे, फेकून दे. काय करू?
*— एक विद्यार्थिनी, जामखेड*

आईला सांग, रोग नाही, पोरं आहेत. हा पाण्यातला मोठा ढेकूण, आणि तुझ्या बाटलीतला आहे तो नर. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवून निघून जाते. (वरच्या कमळपक्ष्याचं उत्तर वाच, या अंकात बापांचीच चलती आहे.) तो त्या अंड्यांना अधूनमधून पाण्याच्या वर आणतो, पाण्यात अंग हलवून त्यांना ताजं पाणी मिळेल असं पाहतो. पिल्लं निघून गेली की रिकामी टरफलं पाठीवरून गळतात.

पण बाटली बंद असेल तर आत्ताच उघड. त्याला पाण्याबाहेरची हवा लागते. शेपटाचं टोक पाण्याच्या वर काढून तो श्वास घेतो. आजच्या आज जिथून आणलास तिथंच नेऊन सोड. उचलताना हातात धरू नकोस, जोरात चावतो आणि बराच वेळ ठणकतं. डासांच्या अळ्या हे त्याचं खाणं, हेही आईला सांग, त्याला घरी बरा शब्द मिळेल.

यापुढे बाटली नको. एक पांढरं पसरट भांडं ने, जुनं एनॅमलचं ताट चालेल. काठाजवळच्या गवतातून चहाच्या गाळणीनं एकदा निपटून घे, ताटात पाणी घालून गाळणी त्यात उपडी कर आणि सावलीत ठेवून अर्धा तास पाहा. आधी सगळा गाळ दिसेल. मग गाळ चालायला लागेल. त्यात मातकट, सहा पायांचा, मोठ्या डोळ्यांचा एक जीव असेल, पंखांच्या जागी नुसत्या पिशव्या. ते चतुराचं पिल्लू. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य जवळ आलं की झटक्यात पुढे सुटतो. त्याला हळूच काडी लाव. शेपटाकडून पाण्याची पिचकारी सोडून ते पुढे सटकेल. त्याचे कल्ले तिथंच, आतल्या बाजूला असतात, म्हणजे श्वास आणि इंजिन एकाच जागी. सकाळी काठाच्या गवताच्या पात्यांवर पाठीला चीर पडलेल्या पोकळ काती सापडतील. त्यातून रात्री चतुर बाहेर पडून गेलेला असतो. काती गोळा केल्या तर कुणाचं नुकसान नाही, तो संग्रह कर.

पावसाळ्याच्या शेवटी मैदानावर झुंडीनं उडणारे पिवळसर चतुर पाहिले असशील. त्यांतले पुष्कळ पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जातात. चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत होते. गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नसलेल्या त्या बेटांवर दर ऑक्टोबरात हजारो चतुर येतात कुठून, या एका प्रश्नामागे ते बरीच वर्षं लागले आणि २००९ साली त्यांनी ही वाट मांडली. तुझ्या ताटातलं पिल्लू त्याच जातीचं असलं, तर त्याचा पुढचा मुक्काम जामखेड नाही.

पहिल्या पावसात आमच्या शेतातल्या डबक्यात हळदीसारखे पिवळे बेडूक येतात. हे विषारी असतात का? आणि लोक रात्री बत्त्या घेऊन ते पकडायला येतात, त्याचं काय करावं?
*— एक वाचक, पेडणे, गोवा*

विषारी नाहीत. हा आपला मोठा बेडूक, एरवी शेवाळी-मातकट. पहिला जोराचा पाऊस पडला की नर पिवळेजर्द होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. माद्या मळकटच राहतात. शेकडो बेडूक एकाच रात्री एका डबक्यात उतरतात, त्या गर्दीत नर कोण आणि मादी कोण हे त्यांचं त्यांना कळावं म्हणून हा रंग, असं अभ्यासक मानतात. सोहळा आटोपला की रंग उतरतो. म्हणून चार दिवसांनी गेलात तर पिवळा बेडूक दिसत नाही आणि लोक म्हणतात गायब झाला.

दुसरा प्रश्न तुम्ही हळूच विचारलात, मी मोठ्यानं उत्तर देते. गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून जे ताटात येतं ते हेच. बेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे; पकडणं, विकणं, खाणं सगळा गुन्हा. पकडले जातात ते नेमके वर्षातून एकदा अंडी घालायला जमलेले, आणि तेही ओरडून आपला पत्ता देणारे. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. शेतातली कीड आणि खेकडे खाणारा एवढा मोठा गडी फुकट राबतो, त्याला कापून खायचा म्हणजे हिशेब चुकलाच. बत्त्या दिसल्या तर एकट्यानं भांडायला जाऊ नका, वनखात्याला कळवा. आणि डबकं तुमच्याच शेतात असेल तर पहिल्या पावसाच्या दोन-तीन रात्री तिथं गावातली पोरं घेऊन बसा, बेडूक दाखवा. साक्षीदार असले की बत्त्यावाले दुसरीकडे जात नाहीत, घरी जातात.

एक गंमत. या बेडकाची पिल्लंही भलती खादाड. शेपटी असतानाच इतर बेडकांची पिल्लं खातात. डबक्यात पाहा, मोठं काळपट पिल्लू लहानाच्या मागे लागलेलं दिसेल.

टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हे खरं का?
*— सात पत्रं, सगळी मराठवाड्यातून*

टिटवीला जिथं खडे-गोटे आणि मोकळी नजर मिळते तिथं ती अंडी घालते. बांधावर, रस्त्याकडेला, गच्चीवरच्या खडीतसुद्धा. मार्चपासूनच घालायला लागते, तेव्हा पावसाचा पत्ता वेधशाळेलाही नसतो. "चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस" हेही ऐकते. ती बहुतेक वेळा चारच घालते, मग दुष्काळ पडलाच नसता. पण या समजुतीमुळे लोक तिचं घरटं हुडकतात, मोजतात आणि न मोडता परत येतात, म्हणून मी शाळेत तिच्यावर फारसा हल्ला चढवला नाही. पाहायचंच असेल तर मे महिन्याच्या दुपारी लांबून पाहा. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, तापलेली अंडी गार करायला. पावसाच्या भाकितापेक्षा मला हे मोठं वाटतं.

कपडे धुताना घाटावर साप येतो. पाणसाप विषारी नसतो म्हणतात, खरं का?
*— काही जणी, अकोट तालुका*

पाणदिवड, म्हणजे विरोळा, विषारी नाही. पण चिडका आहे, चावतो आणि रक्त बरंच येतं. तो बेडूक-माशांसाठी आलेला असतो. बादली आपटा, जाईल. मात्र पाण्याकाठी नाग आणि इतर सापही येतात. "हा पाणसापच" असं लांबून ठरवून कुणी हात घालू नये. चावला आणि साप ओळखता आला नाही तर विषारीच समजा. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथंच मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

शेततळं केलं, ३० बाय ३० मीटर, प्लास्टिक टाकून. वाटलं होतं पक्षी-प्राणी येतील. आले ते बुडून मेले, एक कोल्हा, दोन मोर, साप तर किती. मन खातं. काय करावं?
*— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका*

तुमचं मन खातं हे बरं आहे, बऱ्याच जणांचं खात नाही.

५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की उतार तेल लावल्यासारखा होतो. प्राणी पाणी प्यायला एक पाऊल टाकतो आणि घसरतो. पोहता येत असलं तरी वर चढायला नखाला काही लागत नाही, तो कडेकडेनं गोल फिरत दमतो. हीच गत पोरांची होते. बातम्या तुम्हीही वाचता. म्हणून मी सांगते ते आधी माणसांसाठी करा, प्राण्यांना ते आपोआप लागू पडेल.

चारही बाजूंना, आणि कोपऱ्यांत जरूर, जाड काथ्याच्या दोराची विणलेली जाळी वरून थेट पाण्याखालपर्यंत सोडा. वरचं टोक प्लास्टिकबाहेर खुंटीला बांधा. गाडीचे जुने टायर दोरानं एकाखाली एक बांधून शिडी केली तरी चालते. टायरमध्ये तार उघडी पडलेली नको, प्लास्टिक फाटेल. मासे धरायची बारीक नायलॉनची जाळी मात्र चुकूनही टाकू नका, त्यात साप आणि पक्षी गुंतून मरतात. मध्ये एक लाकडी तराफा तरंगता ठेवा. कुंपण असेलच, त्याचा खालचा भाग बंद करा.

पण खरा उपाय तहानेचा. प्राणी तुमच्या तळ्यात येतो कारण उन्हाळ्यात त्याला दुसरं पाणी नाही. ठिबकची एक नळी तळ्यापासून लांब, झाडाखाली, वीतभर खोल पसरट खड्ड्यात सोडा. तळाला चिकणमाती चोपा, कडेला दगड ठेवा, एक बाजू अगदी उतरती. त्या खड्ड्यावर तुम्हाला जे पक्षी दिसतील ते ३० बाय ३० च्या तळ्यावर कधीच दिसणार नाहीत. प्लास्टिकच्या तळ्यात चिखल नाही, चिखल नाही म्हणून किडा नाही, किडा नाही म्हणून बेडूक नाही. ती पाण्याची टाकी आहे, तिच्याकडून तलावाची अपेक्षा नको.

ग्रामपंचायतीनं मामा तलावाचं सुशोभीकरण घेतलंय. दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), चालायचा रस्ता, दिवे, कारंजं. मी सदस्य आहे. पक्ष्यांसाठी कृत्रिम घरटीही लावतो आहोत. आणखी काय सुचवाल?
*— गोंदिया जिल्हा*

कारंजं नको, हे पहिलं सुचवते.

तुम्ही सदस्य आहात म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडचे हे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं आणि मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधले, धानाच्या पाण्यासाठी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. तेव्हापासून तलावाला मालक पुष्कळ, राखणदार थोडे. तुम्ही राखायला निघालात, त्याबद्दल आनंदच आहे.

पण तलावाचा जीव मध्यावर नसतो, काठावर असतो. पाणी आणि जमीन यांच्यामधला जो उतरता, ओला, गवताळ, चपला रुतणारा पट्टा आहे, तिथं मासा अंडी घालतो, बेडूक राहतो, पाणकोंबडी लपते, कासव वर येतं. दगडी पिचिंग केलंत की हा पट्टा एका दिवसात नाहीसा होतो. पाळीला पिचिंग ठीक आहे, ती फुटू नये म्हणून लागतेच. बाकीच्या तिन्ही बाजू, जिथून पाणी येतं त्या, उघड्या ठेवा. चालायचा रस्ता पाळीवरून न्या, पूर्ण फेरा नको. दिवे गावाच्या बाजूला आणि खाली तोंड करून. कृत्रिम घरटी कशाला? पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं आहेत ना, ती तोडू नका. पाणकावळे पंख वाळवायला तिथंच बसतात, खंड्या तिथूनच सूर मारतो.

गाळ काढणार असालच. उन्हाळ्यात जेसीबी उतरतो तेव्हा चिखलात कासवं आणि बेडूक पुरून झोपलेले असतात. ओलसर भागातल्या मातीची प्रत्येक ट्रॉली भरताना दोन माणसं नुसती पाहायला उभी करा. कासव निघालं तर काढून पाण्याच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. कुणी घरी नेऊ देऊ नका, कासव पाळणं गुन्हा आहे. खोदताना उभी भिंत न ठेवता उतार ठेवा, आणि एक अंग अजिबात न खोदलेलं सोडा.

पैसे उरवायचेत ते बेशरम, म्हणजे काठावर माजणारं ते झुडूप, काढण्यासाठी उरवा. मुळासकट उपटावी लागते, आणि उपटलेली काठावर टाकली तर कांडीकांडीला मूळ फुटून पुन्हा उभी राहते. लांब नेऊन वाळवून जाळा. आपल्याच भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या बायामाणसांनी तलावांतली बेशरम काढली, तळ नांगरून त्यात देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत आल्याचं त्यांचं स्वतःचं सांगणं आहे. त्या बाया तुमच्यापासून एक-दोन तालुक्यांवर असतील. सल्लागाराला शहरातून बोलावण्याआधी त्यांना जीप पाठवा. कुठल्या तलावात कुठलं गवत जगतं आणि देवधान (रानटी भात) कुठं धरतं, हे त्या बोट दाखवून सांगतील.

आणि हो, माहितीफलक लावणार असाल तर पक्ष्यांची नावं गावात चालतात तीच लिहा. हळदी-कुंकू बदकाला हळदी-कुंकू म्हटलं की आजीबाईसुद्धा थांबून पाहतात.

आम्ही पुण्याहून फोटोग्राफीसाठी येणार आहोत. सारसाच्या घरट्याचं लोकेशन पाठवाल का?
*— बरीच पत्रं*

नाही.

महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यत्वे गोंदिया-भंडाऱ्यात, तेही मोजके. जगातला सगळ्यात उंच उडता पक्षी, माणसाच्या उंचीचा, पण घरटं घालतो धानाच्या पाण्यात, उघड्यावर. दोन अंडी, महिनाभर दोघं आळीपाळीनं बसतात. गाडी बांधावर लावून चौघं खाली उतरले की बसलेला पक्षी उठतो. तो उठला की कावळा आणि कुत्रा दोघांनाही कळतं अंडी कुठं आहेत. आमच्याकडचे शेतकरी घरट्याभोवतीचा धान कापायचा ठेवतात, कुत्री हाकलतात, सारसमित्र म्हणवून घेतात. त्यांच्या शेताचा पत्ता मी तुम्हाला देणं म्हणजे त्यांनी ठेवलेला विश्वास विकणं.

सारस पाहायचाच असेल तर हिवाळ्यात या. घरटी नसतात, पिल्लं मोठी झालेली असतात, कापलेल्या बांध्यांतून जोडपी चरताना डांबरी रस्त्यावरूनही दिसतात. गाडीतून उतरू नका, गाडी हाच उत्तम आडोसा. ड्रोन आणू नका. आवाजाची रेकॉर्डिंग लावून बोलवू नका.

आणखी एक. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तलावावर पहाटे उभं राहून बदकं मोजायची, लिहायची, बस्स. त्यात फोटोला फार वाव नसतो आणि थंडी हाडात शिरते. आमच्याकडे तलाव जास्त आणि मोजणारे कमी. यायचं असेल तर संपादकांकडे नाव कळवा. दुर्बीण स्वतःची आणा, डबा आमच्याकडून.